आत्याचं नाव कोणी घेतलं नाई

शारदा गेली तवा घरी मी होती, तिचे बाबा होते, तिचा नवरा होता अन् तिची लहान बहीन रेखा. बस, एवढेच. माही पोरगी जाऊन मईना झाला. मी शाळा शिकली नाई, रेखा लिहून घेऊन राह्यली. आठवते तसं सांगते...

शारदाच्या छातीत पयली गाठ आली तवा चंद्रपूरच्या डाक्टरनं इचारलं, घरात अजून कोणाले होती का? तिचे बाबा मूल गावच्या राइस मिलात हमाली करत. ते चटकन म्हने, "आमच्या घरी कोणालेच नाई." खोटं नाई बोलले. त्याइची बहीन कौसा छातीच्या गाठीनंच मेली, पन लगन होऊन गेलेली पोरगी आमच्याकडं घरात मोजत नाई. गाठ काढली, सुया देल्या. शारदा परत धानाच्या रोवन्याले, रोपं लावाले, जाऊ लागली. साऱ्या बायाइत गान्याचा आवाज तिचाच मोठा.

मंग दुसऱ्या बाजूले गाठ आली. नागपूरची डाक्टरीन खोदून इचारे. "बापाच्या बहिनी?"

शारदाच बोलली, "आत्या होती नं, मॅडम."

बाबा म्हने, "ते तं दुसऱ्या घरची झाली."

"लगन झालं म्हनून रक्त बदलते काय, भाऊ?" डाक्टरीन म्हने.

शारदाचं अन् बाबाचं, दोघाइचं रक्त तपासलं. खोट बापाकडूनच आली होती. बापाले काई झालं नसलं तरी पोरीले जाऊ शकते, डाक्टरीन म्हने. आंगातला बिघाड दुरुस्त करनारी जोडी असते, धानाच्या बांधीच्या पारीवर, म्हंजे बांधावर, दोन राखनदार असावे तशी. शारदाले जन्मापासून एकच. तोई गेला का पार फुटते, गाठ होते. अशा गाठीचा सोभाव वेगळा, म्हनून औषदई वेगळं. ते देलं. पन उशीर झाला होता...

येतानी बसमधी शारदाच म्हने, "काऊन बाबा, लोकं पोरीले सोनं देते, तुमी हे देलं?" अन् हासली. बुढा खिडकीकडं तोंड करून बसला.

शेवटी तिनं एकच मांगितलं, "रेखाचं रक्त तपासा."

बाबा म्हने, "ब्रह्मपुरीचं स्थळ आलं हाये. त्याइले माईत पडलं तं मोडन."

"मोडलं तं दुसरं येईन. रेखा दुसरी येनार हाये काय?"

तेरवी झाल्यावर बाबाच रेखाले नागपूरले घेऊन गेले. स्थळवाल्याइलेई त्याईनंच सांगतलं. तिकडून जवाब नाई, अन् रेखाच्या रक्ताचा कागदई अजून यायचा हाये. वाट पाहून राह्यलो.

मी थकली. जास्त नाई सांगत. डाक्टर घरच्याइचं इचारन, तवा नांदाले गेलेल्या पोरीइचंई नाव सांगजा. बापाकडच्याइचंई.