बेलिल आणि गान्यों यांची सोयरीक

काय सांगू तुम्हाला, मी एक ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिले! तेही कुणाचं? कॅनडातल्या फ्रेंच पोरापोरीचं, इथे कतारमध्ये, दोह्यात बसून! हसू नका, आधी ऐका.

वेस्ट बेमधल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी लूक बसतो. क्युबेकचा, आडनाव बेलिल. पोरगा गुणी, पण वेड एकच, घराण्याची वंशावळ शोधायचं. लंच टाइम झाला की एका हातात सँडविच आणि डोळ्यांसमोर पूर्वज! त्याची होणारी बायको एलोडी इथेच शाळेत शिकवते. तीही तिकडचीच, आडनाव गान्यों.

एक दिवस लूक खुशीत म्हणाला, "मेधा, आम्ही मुळात बेलिल नाहीच! आम्ही गान्यों. एक पूर्वज फौजेत होता, त्याला तिथे बेलिल म्हणायला लागले. पुढे तेच आडनाव चिकटलं. आमच्याकडे कितीतरी घराण्यांचं असंच आहे."

मी हातातला करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, खाली ठेवला. मुलगा गान्यों, मुलगीही गान्यों? म्हणजे एकच कुळ? अहो, भावकीतच सोयरीक! आणि बिचाऱ्यांना पत्ताच नाही!

गप्प बसले असते तर मी कसली मेधा? पण तोंडावर कसं सांगायचं? आपल्याकडे असलं काही आडून सुचवतात. मी आवाज खाली आणला. "लूक, लग्नाआधी एलोडीच्या घराण्याची नीट चौकशी कर हं."

"का? काय झालं?"

"मी काही बोलले नाही!"

घ्या! त्याने जाऊन एलोडीला विचारलं, "घरच्यांबद्दल तू माझ्यापासून काय लपवतेस?" ती भडकली. खलास! दोघांचा अबोला. लूकचे पूर्वजही बंद आणि सँडविचही बंद. त्याचा उतरलेला चेहरा बघून मला, खरंच सांगते, रडू यायचं.

"तू लावलीस ना आग? मग तूच विझव," श्रीकांत, म्हणजे माझा नवरा म्हणाला. "शुक्रवारी दोघांना जेवायला बोलाव."

मी पुरणपोळ्या केल्या. दोघं टेबलाच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसले. शेवटी मी सगळं ओकून टाकलं. एक आडनाव, एक कुळ, आमच्यात असं लग्न चालत नाही, सगळं!

एलोडी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "एवढंच? अगं, आमच्याकडे फ्रान्सहून बोटीतून मूठभर माणसं उतरली, त्यांचेच आम्ही सगळे! इतकं मागे जाऊन बघितलं तर लग्नाला कुणी उरणारच नाही. आम्ही भेटलो तेव्हा आधी हेच तर शोधलं, जवळचं नातं निघालं नाही!"

लूक उठून तिच्याशेजारी जाऊन बसला. मला इतका आनंद झाला की न विचारता दोघांना आणखी एकेक पोळी वाढली.

आता इथे थांबायचं की नाही? पण छे! "आमच्याकडे मात्र सगळं बघून करतात," मी तोऱ्यात म्हटलं. "मी माहेरची निफाडकर, हा जोशी. काडीचा संबंध नाही. थांबा, आईलाच विचारते!" लगेच नाशिकला फोन, तोही स्पीकरवर.

"आई, आपण मूळचे निफाडकरच ना गं?"

"छे गं! तुझे पणजोबा निफाडकरांकडे दत्तक गेले. जन्माने ते जोशी."

"कुठले जोशी?"

"कुठले म्हणजे? श्रीकांतरावांच्या आजोबांचे सख्खे भाऊ की ते!"

"आई! हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"अगं, दत्तक गेल्यावर गोत्र बदललं. भटजी चालेल म्हणाले. आणि तू ऐकणार होतीस? फोटो बघितल्यापासून 'हाच पाहिजे' म्हणून हटून बसली होतीस!"

मी घाईघाईने फोन ठेवला. पण श्रीकांतने सगळं चवीचवीने इंग्रजीत सांगून टाकलं. लूकला तर आयतंच काम मिळालं! बोटांवर पिढ्या मोजून तो ओरडला, "मेधा, श्रीकांत तुझा काका लागतो!"

मी विषय बदलायला तुपाची वाटी घेतली आणि श्रीकांतला वाढायला वाकले. आणि आमचे हे? खुर्चीत ताठ बसले, उजवा हात वर केला आणि गंभीरपणे म्हणाले, "अखंड सौभाग्यवती भव!"