डी काढ

कॉम्प्युटरमध्ये नवीन विंडोज टाकलं आणि थोड्याच दिवसांत सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. विंडोज टाकून देणारा माझा चुलतभाऊ. शहाद्याला त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, पण जीव अजून केळीच्या मळ्यातच. सकाळीच त्याला फोन लावला. म्हणाला, "सोपं शे. पहिले डी काढ, मंग ती जागा सी मझार मिळाडी दे."

एवढं ऐकून मी कामाला लागलो. डी ड्राइव्ह डिलीट केला. सगळा डेटा जाईल, असं कॉम्प्युटरने बजावलं. बजावू दे म्हटलं. भाऊ सांगतोय म्हणजे त्यातले वडील रोज बघतात ते व्हिडिओ त्याने विंडोज टाकतानाच कुठेतरी सुखरूप ठेवले असणार! दाबलं येस. मग सुटलेली जागा सी ड्राइव्हला जोडली. दोन पट्ट्यांची एक लांबलचक पट्टी झाली आणि मी स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला.

ऐटीत त्याला फोन केला. म्हटलं, झालं.

"कसावर काढं?" त्याने विचारलं. "पेनड्राइव्हवर?"

तेव्हा कुठे मला कळलं. आमच्याकडे केळीचे घड काढतात ते जपून ठेवायला, आणि केळीतलं गवतही काढतात, ते फेकायला. तो घडाचं बोलत होता, मी गवताचं ऐकलं.

डीमध्ये वडिलांची घोडी होती. गुडघे गेल्यावर त्यांनी स्वतःच तिला सारंगखेड्याच्या जत्रेत विकलं. त्याआधी मी तिचे व्हिडिओ काढून ठेवले होते, रपेटीचे, पाणी पितानाचे. दुपारी जेवण झालं की वडील खुर्ची ओढून बसायचे, "मन्ही घोडी लाव."

भाऊ दुकान टाकून धावत आला. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. फायलींची नावं तेवढी दिसली, उघडली एकही नाही. तो माझ्याकडे बघेना. मला तर हे खरं घडलंय यावर विश्वासच बसत नव्हता. एक बटण, आणि अख्खी घोडी गेली?

वडील हात पुसत आले, नेहमीसारखे बसले. सांगावंच लागलं. वाटलं, आता चार शिव्या हासडतील. मला त्या हव्याच होत्या. पण त्यांनी नुसती खुर्ची मागे सरकवली.

मग म्हणाले, "मी जत्रामा इकी तवय ती कोना घर गयी, इतलं तरी माले माहीत व्हतं."