रिठदची एक शेतकरी महिला

एम.ए.च्या शोधनिबंधासाठी मी शेजारच्या काकूंची मुलाखत घेतली. विषय होता शेतातलं बायकांचं काम. काकू सुपात तूर पाखडत बोलत आणि प्रत्येक उत्तराआधी हुकूम सोडत, "लिहून घे!" माझा पेन थांबला की सूपही थांबायचं. "काहून थांबली वं? उगंच सांगून राह्यली का मी?"

निबंध पुरा झाल्यावर त्यांचं बोलणं त्यांनाच वाचून दाखवलं. सुरुवात होती, "रिठदची एक शेतकरी महिला सांगते..."

"अन् माझं नाव कोठी हाय?"

"काकू, नाव गुप्त ठेवा लागते. नियमच हाय तसा."

काकूंचा चेहरा पडला, पण घटकाभरच. संध्याकाळी गिरणीवर दळणाच्या रांगेत त्या एकेकीच्या कानाशी लागून सांगत होत्या, "नाव गुप्त हाय, कोनाले सांगू नोका. थे बाई मीच!"