पाच मिनिटं नुसतं आयकाचं

मी सुखराम, सानगडीचा. एकवीस वर्षांपासून कॉलेजात शिपाई आहो. दारू नाही, पत्ते नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही. गावात चांगला नवरा कोण म्हणून विचारलं, तं लोक माहंच नाव घेतील. निदान त्या सोमवारपर्यंत मले तसंच वाटत होतं.

त्या सोमवारी दीपमाला मॅडमनं पोट्ट्या-पोट्टींचा एक नवा तास ठेवला. नातं चांगलं कसं ठेवाचं, त्याचं म्हणे शिक्षण. मी मनात म्हटलं, घ्या आता, हेही कॉलेजातच शिकवाचं का? आमाले कोणी शिकवलं होतं? आमचे संसार काय मोडले? खुर्च्या मांडून मी निघतच होतो, तं मॅडम म्हणाल्या, "काका, जोडीले एक जण कमी पडून राहिला. तुम्ही बसता का?"

"अजी मॅडम, माह्या लग्नाले सव्वीस वर्षं झाले! मी आता काय शिकू?"

पोट्टे खदखदा हासले. मॅडमही हासल्या, पण खुर्ची पुढं केलीच.

मले दामिनीसमोर बसवलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, अबोल पोट्टी. नियम असा का एकानं पाच मिनिटं बोलाचं, दुसऱ्यानं नुसतं आयकाचं. मधात तोंड घालाचं नाही, सल्ला द्याचा नाही, आन इथलं बोलणं बाहेर न्याचं नाही. मॅडमनं मोबाईलवर टाइम लावला.

दामिनी खाली पाहूनच बोलाले लागली. प्रविण नावाच्या पोट्ट्यासंगं तिचं जमलं होतं. पोट्टा चिखला गावच्या खाणीत कामाले. दोन्ही घरी कबूल, दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मले वाटलं, चांगलंच आहे की, मंग हे तोंड पाडून काहून बसली?

"तो वाईट नाही, काका," ती म्हणाली. "शिवी देत नाही, मारत नाही. पण रोज विचारते, कोठी गेली होती, कोणासंगं होती, उशीर काहून झाला. मैत्रिणीकडे गेली तं तिथून फोटो पाठवाचा. आता तं त्यानं विचारलं नाही तरी मी घरून निघतानाच मनात तयारी करून ठेवते, याले काय काय सांगाचं आहे त्याची. ही काळजी आहे का पहारा, तेच मले समजत नाही."

माह्या जिभेवर आलं होतं, अवो पोरी, काळजीच आहे ते त्याची! पण नियम. ओठ दाबून बसलो. असं गप्प बसणं मले जन्मात जमलं नव्हतं.

मॅडमनं तास जरा लवकरच सोडला, तं ती माह्या मागं मागं आली. "काका, साक्षगंध थांबवाले सांगू का घरी?"

"मले काय विचारतं? मले घंटा द्याची आहे," म्हणून मी पळालो. आन घाईघाईत घंटा दिली ती दहा मिनिटं आधीच. पोट्टे बोंबलत बाहेर पडले, प्राचार्यांनी मले फैलावर घेतलं.

घरी जाताना गाडीवर डोक्याचा पार भुगा झाला. मीही तं माह्या बायकोले, पुष्पाले, रोज हेच विचारतो. त्यात काय झालं? घरच्या माणसानं नाही विचाराचं तं कोणं विचाराचं? माहेरी आसगावले तिले मीच नेतो, त्याच दिवशी मीच आणतो. एकटी कधी सोडली नाही. ही काळजीच आहे ना? मंग प्रविणचं काय चुकलं? आन त्याचं काही चुकलं नाही, तं पोट्टी रडकुंडीले काहून आली? बरं, तिले सांगाव तं काय सांगाव? काहीच कळेना. स्वतःचाच राग येऊन राहिला होता, मॅडमचा त्याहून जास्त.

संध्याकाळी पुष्पा आंगणात तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर बसलो. "सूप ठेव खाली. पाच मिनिटं तू बोल. मी मधात एक शब्द बोलणार नाही."

तिनं माह्या कपाळाले हात लावून पाहिला. "ताप तं नाही. काय बोलू?"

"तुले वाटन ते."

मी मोबाईलवर टाइम लावला. मले वाटलं, गुडघ्याचं सांगन, सासरी गेलेल्या लेकीचं सांगन, नाहीतर मलेच चार शिव्या हासडन. हासड म्हटलं, आज आयकतो.

तिनं पदर सारखा केला, नीट बसली.

"सकाळी तुम्ही गेल्यावर भांडे घासले. मंग नळावर गेली. तिथं उषाबाई आन पार्वताबाई होत्या, तिसरं कोणी नव्हतं. दुपारी वावरात बांधीवर धान पाहून आली. येताना तेल घ्याले दुकानात थांबली. दुकानात म्हातारा होता, त्याचा पोट्टा नव्हता. थोडा उशीर झाला, पण तो गर्दीमुळं झाला."

मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. मले ओरडून सांगाव वाटलं, अवो, हे नाही, हे नाही विचारलं मी! पण कबूल केलं होतं. मोबाईलवर अजून तीन मिनिटं बाकी होते. मले लाज वाटून राहिली होती आन मी नुसता तिच्याकडे पाहत होतो.

माहं गप्प बसणं पाहून ती घाबरली. सूप तिनं परत हातात घेतलं.

"खरंच जी," ती म्हणाली. "खोटं वाटत असन तं उषाबाईले विचारून घ्या."