दुपट्टा बांधून लिनक्स शिकवणारा मिलिंद

मिलिंद गेल्याची बातमी मला मशीनने वाचून दाखवली.

तेच मशीन, ज्याला बोलायला त्यानेच लावलं होतं.

"मिलिंद भाऊ आज सकाळी गेले. हार्ट अटॅक." ग्रुपवरचा मेसेज. ज्या सुरात ते धानाचे भाव वाचतं, त्याच सुरात हेही वाचलं. मी हेडफोन कानातून ओढून फेकला आणि लॅपटॉप झाकून ठेवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा. पेशाने मास्तर. रेटिनाच्या आजाराने माझी नजर हळूहळू गेली. शेवटी शेवटी तर पेपरची हेडलाइनसुद्धा पोरांकडून वाचून घ्यावी लागायची. पोरं वाचायची, पण घाईघाईत. आणि मास्तर माणसाला "जरा वाचून दाखव ना" म्हणताना काय होतं, ते मास्तरालाच माहीत.

मिलिंद कारध्याचा. भंडाऱ्यात एका ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर. आणि उरलेल्या वेळात जिल्हाभरच्या नवशिक्यांचा लिनक्सवाला.

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची सिस्टीम. जुन्या, लोकांनी टाकून दिलेल्या मशीनवरही चालते. स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही त्यात मिळतो. फक्त अडलं की कोणाला विचारायचं, हा प्रश्न असतो.

आमच्याकडे उत्तर होतं. मिलिंदला.

कोणीही फोन करो, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. "पहिले आयका, तुमच्यानं काईच बिघडलं नाई. आता सांगा." करडी गावच्या एका बाईंनी एकदा स्क्रीनवरचे सगळे फोल्डर उडवले होते. त्यांनाही त्याने हेच सांगितलं. खोटंच. पण त्यांचं रडणं थांबलं, आणि मग फोल्डरही सापडले.

माझ्याकडे तो एसटीने आला, रविवारचा. आल्या आल्या माउस काढला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

"सर, हे तुमच्या कामाचं नाई."

मग माझ्या बायकोला म्हणाला, "ताई, एखादा दुपट्टा द्या."

"कायले?"

"डोये बांधतो. मले दिसून राहिलं तं मी म्हनीन इथं दाबा, तिथं दाबा. सरले इथं-तिथं कसं समजंन?"

खरंच बांधला दुपट्टा. आणि पहिल्याच मिनिटाला हाताने चहाचा कप पाडला.

बायको म्हणाली, "आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. इथं तर दोन आंधळे आहेत. देव कोणाकोणाला राखणार?"

मिलिंद इतका हसला की दुपट्टा सुटला. त्याने परत बांधला, जास्त घट्ट.

तो स्वतः चुकायचा. भलत्याच खिडकीत शिरायचा, बाहेर यायचा रस्ता चाचपडत शोधायचा, आणि सापडला की मला सांगायचा. डोळस माणसं मला तोवर हाताला धरून रस्ता पार करून देत होती. हा माझ्यासोबत ठेचकाळत चालला.

मशीनचा आवाज भयंकर होता. सर्दी झालेल्या माणसाने नाक दाबून मराठी बोलावं तसा. पण संध्याकाळपर्यंत त्या आवाजाने मला पेपरचं आख्खं पान वाचून दाखवलं, निधनवार्तांसकट. मी मध्येच थांबवलं, परत वाचायला लावलं. कोणी कंटाळलं नाही, कोणी उसासा टाकला नाही.

मी रडलो. त्याने विचारलं, "आवाज मोठा झाला काय, सर?"

असा माणूस गेला.

खरं सांगतो, दुःखासोबत भीतीही वाटली. आता मशीन बंद पडलं तर? पुन्हा "जरा वाचून दाखव ना"?

आणि झालंही तसंच. काही दिवसांनी धीर करून लॅपटॉप उघडला. मशीन चिडीचूप. बटणं दाबली, बंद करून सुरू केलं. काही नाही.

बोटांनी सवयीने मिलिंदचा नंबर लावला. रिंग वाजल्यावर भानावर आलो. तोवर सुनंदा वहिनींनी, मिलिंदच्या बायकोने, फोन उचलला होता.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सर, मशीन बंद पडलं काय?"

"वहिनी, चुकून लागला हो…"

"चुकून कायले? रोज येऊन राहिले फोन. कोणाचा प्रिंटर, कोणाचं वायफाय. मलेच सांगा लागते, ते नाईत आता म्हनून." मग म्हणाल्या, "हेडफोनचं वायर तं नाई ना लागून? ते पहिले हेच विचारत होते. बाजूले बसून आयकलं हाये ना मी."

हात फिरवला. वायर लागलेलीच होती. मी त्या दिवशी हेडफोन कानातून ओढला होता, मशीनमधून नाही.

वायर काढली. मशीन बोलायला लागलं.

रोज अनोळखी माणसांना नवऱ्याचं मरण सांगायचं, या विचाराने मला कसंतरी झालं. म्हटलं, "वहिनी, नंबर बंद करून टाका. मी फेसबुकवर लिहितो, कोणी फोन करू नका म्हणून."

"नोका लिहू, सर."

"का हो?"

"घरचे लोक आता त्यायचं नाव नाई घेत. मी रडन म्हनून. फोन आला का कोणी तरी म्हनते, मिलिंद भाऊ हायेत का. तेवढंच नाव आयकाले भेटते."

म्हणून ही पोस्ट.

मिलिंदचा नंबर चालू आहे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आता कळलं. तरीही फोन करा.

त्याचं नाव घ्या. त्याने तुमचं काय काय नीट करून दिलं, ते वहिनींना सांगा. सावकाश सांगा.

मशीनचं अडलेलं आपल्या लिनक्सच्या ग्रुपवर टाका. मला जमेल तेवढं मी सांगेन.

मिलिंद, तुला शेवटचा जय भीम.