धोंडाबाई एक दोन तीन

“धोंडाबाई एक दोन तीन.” सेक्रेटरी साहेबांनी माइकवर वाचलं. “हा आपल्या एका सभासदाचा पासवर्ड आहे. हसू नका.”

सगळे हसले.

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीचा हॉल. ज्येष्ठांसाठी ऑनलाइन सुरक्षेचा कार्यक्रम. पासवर्ड लिहिलेले कागद घेऊन या, असा निरोप होता. माझे पासवर्ड कॅलेंडरच्या मागच्या पानावर होते, म्हणून मी ते पानच फाडून नेलं. साहेबांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि थेट माइकपाशी गेले.

“बँक, पेन्शन, वीजबिल, सगळीकडे धोंडाबाई,” ते म्हणाले. “नावावरूनच कळतं, कुठल्या वस्तीतलं आहे ते.”

धोंडाबाई माझी आई. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून तिचं नाव असं ठेवलं. शनिवार पेठेतल्या बोळांत तिनं जन्मभर झाडू मारला. तिथल्या बायका तिला ‘ए झाडूवाली’ म्हणायच्या. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायच्या. नावानं कुणी कधी हाक मारली नाही. मी दवाखान्यात आया म्हणून राबले, निवृत्त झाले, मग फोन घेतला. फोननं पासवर्ड मागितला तेव्हा मनात आलं, आता हिचं नाव घेतल्याशिवाय माझं एकही खातं उघडणार नाही.

त्या नावाला हॉल हसला. मीही हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

पासवर्ड कच्चा होता, हे खरं. एकच पासवर्ड सगळीकडे ठेवू नये, हेही खरं. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. पण साहेब पुढे काय म्हणाले? “ताई, तुमच्याच्यानं हे व्हायचं नाही. माझ्या वहीत सगळ्यांचे असतात, तुमचेही राहू देत.” आणि माझं पान त्यांनी वहीत घातलं.

सुरक्षा शिकवणाऱ्या माणसाच्या वहीत अर्ध्या इमारतीचे पासवर्ड. शिकलेला माणूस, मोठा अधिकारी होता, म्हणून आम्हीच नेऊन दिलेले. आमची अक्कल ही अशी. हयातीचा दाखला भरायला मी दरवर्षी त्यांच्याकडे जायचे. बाकीचे सोफ्यावर बसायचे. मी दाराबाहेरच्या स्टुलावर. मी जिवंत आहे हे सरकारला ते कळवणार आणि तोवर मी चपलांशेजारी बसणार.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. समोरच्या शकीलाबी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, त्यांचाही कागद त्याच वहीत. त्या म्हणाल्या, “चिडून काय होणार, बाई? शिकू या.”

आठ दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. पासवर्ड मॅनेजर नावाचं ॲप असतं. आपण एकच लांबलचक वाक्य पाठ ठेवायचं. प्रत्येक खात्याचा वेगळा पासवर्ड ते स्वतः बनवतं आणि स्वतःच लक्षात ठेवतं. शकीलाबी दुसऱ्याच दिवशी आपलं वाक्य विसरल्या, पुन्हा पहिल्यापासून केलं. मी एकेका खात्यातून आईचं नाव काढत गेले. पहिल्यांदा हात थांबला. मग वाटलं, जन्मभर लोकांच्या दारात उभी राहिली, आता पुरे.

नोव्हेंबरात दाखल्यासाठी साहेबांनी बोलावलं. स्टूल जागेवरच होतं. मी बसले नाही.

“तुमचा पासवर्ड चालत नाही.”

“बदललाय.”

“नवा काय आहे?”

“मला माहीत नाही. ॲपला माहीत आहे. दाखला मी कालच भरला.”

सोफ्यावरची माणसं दाराकडे वळून बघायला लागली.

“वा. इतकी वर्षं आम्ही केलं, त्याचं हे फळ,” साहेब म्हणाले.

“माझं पान द्या.”

“जुन्या पासवर्डचं पान घेऊन काय करणार?”

“त्यावर माझ्या आईचं नाव आहे. ते तुमच्या घरात नको.”

त्यांनी पान काढून दिलं. मी ते त्यांच्यासमोर नीट घडी करून कमरेला खोचलं.

पुढच्या रविवारी हॉल मी मागितलाय. शिकवायला मी आणि शकीलाबी. कुणी आपला पासवर्ड आम्हाला सांगायचा नाही, कागद आणायचे नाहीत. खुर्च्या सगळ्यांना सारख्या. साहेबांनी यावं, त्यांनाही खुर्ची आहे. त्यांच्या वहीतला शेवटचा पासवर्ड निकामी होईपर्यंत मी थांबणार नाही.