कोगनोळीचा उपाय

सीमाभागातल्या मच्छे गावच्या एका कारखान्यात मी निर्यातीचं काम बघते. आमच्या व्हॉल्व्हच्या पेट्या जहाजानं युरोपला जातात. त्या आठवड्यात युद्धामुळं समुद्रातली नेहमीची वाट बंद झाली आणि जर्मनीतलं आमचं गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर कपाळाला हात लावून बसलं. आफ्रिकेला वळसा घातला तर माल वेळेत पोचणार नव्हता. आमचे साहेबही नुसते नकाशाकडं बघत बसले. असलं नुसतं बसून राहणं मला सोसतच नाही.

"साहेब, निपाणीच्या पुढं कोगनोळीच्या सीमेवर आपण करतो तेच करायचं की!" मी उभीच राहिले. दोन राज्यांचा वाद पेटला की आमच्या बस सीमेवरच थांबतात. मग आम्ही उतरतो, चालत पलीकडं जातो आणि तिकडची बस धरतो. काखेत पोर, हातात फराळाची पिशवी घेऊन मीही कितीदा गेलेय. तसाच माल बंद वाटेच्या अलीकडच्या बंदरात उतरवा, ट्रकनं मधलं वाळवंट ओलांडा आणि पलीकडं दुसऱ्या जहाजात चढवा!

साहेबांनी तिथल्या तिथं एजंटाला फोन लावला. "व्हय, तशी सोय हाय म्हणतोय!" ते ओरडलेच. मी टाळ्या पिटल्या.

सगळं ऐकून गिऱ्हाईकही खुललं. मग त्यानं जरा भीतभीतच विचारलं, "तुमच्या त्या सीमेवर पण युद्ध चालू आहे का?"

"छे हो," मी म्हटलं, "पलीकडं माझं माहेर आहे."